एका गावाची कविता साऱ्या जगाची कशी होते?

लंडनच्या पश्चिमेला, बकिंगहॅमशायर परगण्यात, स्टोक पोजेस नावाचे गाव आहे. तिथल्या चर्चच्या आवारात गावकऱ्यांची दफनभूमी आहे. अठराव्या शतकाच्या मध्यावर टॉमस ग्रे हा केंब्रिजला राहणारा, अबोल आणि फार थोडे लिहिणारा कवी या गावी आईकडे आणि मावश्यांकडे येऊन राहत असे. या दफनभूमीवर त्याने एक दीर्घ शोककविता लिहिली. ३२ कडव्यांची, १२८ ओळींची ही कविता त्याने कित्येक वर्षे जवळ ठेवली. खोडली, बदलली, पुन्हा लिहिली. जून १७५० मध्ये ती त्याने होरेस वॉलपोल या मित्राला पाठवली. वॉलपोलने हौसेने तिच्या नकला ओळखीपाळखीत फिरवल्या. त्यातली एक नक्कल एका मासिकाच्या हाती लागल्याचे कळताच ग्रेने घाईघाईने वॉलपोलला प्रकाशक गाठायला लावले आणि १५ फेब्रुवारी १७५१ रोजी ती छोट्या पुस्तिकेच्या रूपाने बाहेर पडली. पुस्तिकेवर कवीचे नावही नव्हते. इंग्रजीत आजवर सर्वांत जास्त पाठ केल्या गेलेल्या कवितांमध्ये ग्रेच्या या ‘एलेजी’ची गणना होते.

ईटन कॉलेजात या कवितेचे एक जुने हस्तलिखित जपून ठेवले आहे. त्यातल्या एका कडव्यापाशी थांबण्यासारखे आहे. या मातीखाली झोपलेल्या अनाम गावकऱ्यांमध्ये एखादा मोठा लोकनेता, एखादा थोर शब्दप्रभू, एखादा सत्ताधीश होण्याची ताकद असेलही, पण त्यांना संधीच मिळाली नाही, असे ग्रे तिथे म्हणतो. उदाहरणादाखल त्याने आधी तीन रोमन नावे लिहिली होती: केटो, सिसेरो आणि सीझर. त्या काळच्या कुठल्याही शिकलेल्या युरोपीय माणसाला ही नावे सर्व काळांची आणि सर्व देशांची वाटत. ग्रेने ती काढून टाकली आणि त्यांच्या जागी जॉन हॅम्पडन, जॉन मिल्टन आणि ऑलिव्हर क्रॉमवेल यांना आणून बसवले. हॅम्पडन याच बकिंगहॅमशायरचा जमीनदार. राजाने लादलेला जहाजपट्टीचा कर भरायला त्याने १६३०च्या दशकात साफ नकार दिला होता. मिल्टन १६६५ साली लंडनमधल्या प्लेगपासून बचाव करायला याच परगण्यातल्या चॅलफाँट सेंट जाइल्स या गावी येऊन राहिला होता. ‘पॅरडाइज लॉस्ट’चे काम त्याने तिथे पुरे केले. क्रॉमवेल तर हॅम्पडनचा नात्याने भाऊच.

म्हणजे जगन्मान्य नावे खोडून ग्रेने गावाच्या पंचक्रोशीतली नावे घातली. कविता अशी घराजवळ आली आणि मग ती जगभर गेली. हा योगायोग नाही. अभिजात म्हटल्या जाणाऱ्या कितीतरी इंग्रजी कवितांच्या मुळाशी हीच गोष्ट दिसते. ज्याला आपण वैश्विक आशय म्हणतो, तो एका माणसाच्या, एका जागेच्या, एका प्रसंगाच्या तपशिलातून वर येतो. तो शोधायचा तर तो तपशील घट्ट धरून ठेवावा लागतो.

विषय सापडला म्हणजे आशय सापडला असे नाही

इंग्रजी कविता शिकताना आपल्याकडे एक सवय लागते. कवितेखाली ‘मध्यवर्ती कल्पना’ लिहायची असते आणि तिथे एकेक शब्द बसतो: मृत्यू, प्रेम, निसर्ग, युद्ध, काळ. हे शब्द चुकीचे नसतात, पण त्यांनी कविता उलगडत नाही. मृत्यू हा विषय झाला. त्या मृत्यूविषयी ही कविता काय म्हणते, हा आशय. विषय शब्दात मावतो. आशय सांगायला पूर्ण वाक्य लागते, आणि बहुतेक वेळा त्या वाक्यात एक ‘पण’ असतो.

‘एलेजी’चेच पाहा. मृत्यू गरीब-श्रीमंत भेद करत नाही, असा तिचा सारांश नेहमी सांगितला जातो. तो खरा आहे, पण तो तर कोणीही सांगेल. ग्रे पुढे जातो. गरिबीने या माणसांची प्रतिभा गोठवली, याचे त्याला दुःख आहे. लगेच तो त्या दुःखाची दुसरी बाजूही दाखवतो: याच गरिबीने त्यांचे गुन्हेही रोखले. रक्तपात करून सिंहासनापर्यंत जायचा मार्ग त्यांना बंद होता. म्हणून तर तिथे क्रॉमवेलचे नाव हवे. क्रॉमवेलच्या काळातल्या यादवीत इंग्लंडच्या राजाचा शिरच्छेद झाला, त्याला कविता छापली गेली तेव्हा पुरी १०२ वर्षेच झाली होती. त्या यादवीच्या आठवणी इंग्लंडमध्ये अजून पुरत्या विझल्या नव्हत्या. सीझरचे नाव घेतले असते तर ते शाळेच्या पुस्तकातले उदाहरण झाले असते. क्रॉमवेल म्हटल्यावर वाचकाला आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातले रक्त आठवते.

संधी न मिळालेल्या माणसाचे काय गेले आणि काय वाचले, हा प्रश्न मग फक्त स्टोक पोजेसचा राहत नाही. शेतात आयुष्य काढलेल्या कोणत्याही हुशार माणसाकडे पाहताना तो आपल्याही मनात येतो. सॅम्युअल जॉन्सन हा त्या काळचा धाक असलेला समीक्षक. ग्रेच्या इतर कविता त्याला फारशा रुचत नसत. पण या कवितेत सर्वसामान्य वाचकाला आपलेच मन दिसते, अशी कबुली त्यानेही दिली.

एक विषय, दोन मित्र, दोन कविता

आशय नेमका कुठे घडतो हे पाहायचे असेल तर शेलीच्या ‘ऑझिमँडियस’इतके चांगले उदाहरण मिळणे कठीण. कारण इथे तुलनेसाठी जुळी कविताच हाताशी आहे.

१८१७च्या अखेरीस पर्सी बिश शेली याच बकिंगहॅमशायरमधल्या मार्लो गावी राहत होता. नाताळानंतर होरेस स्मिथ हा मित्र त्याच्याकडे पाहुणा आला. स्मिथ व्यवसायाने शेअर दलाल आणि हौसेने कवी. दोघांनी एकाच विषयावर एकेक सुनीत लिहायचे ठरवले. विषय होता इजिप्तच्या एका सम्राटाचा पुतळा. ग्रीक इतिहासकार डायोडोरस याने इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात त्या पुतळ्याचे आणि त्यावरच्या गर्विष्ठ लेखाचे वर्णन करून ठेवले होते. ऑझिमँडियस हे रॅमसिस दुसरा याचे ग्रीकांनी वापरलेले नाव. हा फेअरो इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात सुमारे ६६ वर्षे राज्यावर होता. १८१७च्या सुमारास त्याच्या एका प्रचंड पुतळ्याचा सात टनांहून जड असा वरचा भाग थीब्झमधून काढून लंडनच्या ब्रिटिश म्युझियमकडे रवाना झाला होता आणि त्याची चर्चा होती. पण तो लंडनला पोहोचण्याआधीच शेलीची कविता छापून झाली होती. शेली स्वतः इजिप्तलाही कधी गेला नव्हता.

ली हंटच्या ‘एक्झामिनर’ साप्ताहिकात शेलीची कविता ११ जानेवारी १८१८ रोजी आली आणि स्मिथची तीन आठवड्यांनी, १ फेब्रुवारीला. दोघांकडे तेच वाळवंट, तोच भग्न पुतळा, तोच शिलालेख. दोघांनाही सांगायचे होते की सत्ता टिकत नाही. स्मिथच्या कवितेचा उत्तरार्ध थेट लंडनकडे वळतो. पुढे कधीतरी हे शहरही ओसाड होईल, लांडग्यांच्या मागावर असलेला एखादा शिकारी तिथे दगडाचा प्रचंड तुकडा पाहून थबकेल आणि इथे कोणती बलाढ्य जमात राहत होती याचा विचार करेल, असे तो सांगतो. कल्पना चांगली आहे. पण वाचकाने जे करायचे ते कवीनेच करून टाकले. इजिप्तवरून लंडनवर जाण्याची उडी आपण मारायची होती. ती त्याने मारून दाखवली. स्मिथची कविता आज फक्त शेलीच्या संदर्भात आठवली जाते.

शेलीने काय केले ते जवळून पाहण्यासारखे आहे. त्याच्या चौदा ओळींत चार माणसे एकाआड एक उभी आहेत. कविता सांगणारा ‘मी’, त्याला भेटलेला दूरदेशीचा प्रवासी, त्या प्रवाशाने पाहिलेल्या पुतळ्याचा शिल्पकार, आणि त्या शिल्पकाराने घडवलेला राजा. राजाचा आवाज आपल्यापर्यंत येतो तो इतक्या हातांतून. ज्याला सर्वांवर हुकूम चालवायचा होता, त्याचे शब्द आता वाटेत भेटलेल्या प्रवाशाच्या मर्जीवर जिवंत आहेत. दुसरे असे की, वाळूत पडलेल्या चेहऱ्यावरची तुच्छता आणि थंड हुकमी भाव शेली टिपतो आणि लगेच सांगतो की हे भाव शिल्पकाराने अचूक ओळखले होते. राजाने स्वतःच्या गौरवासाठी पुतळा करवून घेतला, त्या नोकरी करणाऱ्या कारागिराने त्यात राजाचा खरा स्वभाव कोरून ठेवला. सत्ता गेली, पण सत्तेची साक्ष राहिली.

आणि मग तो शिलालेख. माझे कर्तृत्व बघा आणि खचून जा, असे राजा इतर बलाढ्यांना बजावतो. या लेखावर शेलीने काहीच भाष्य केलेले नाही. त्याने लेखानंतर फक्त आजूबाजूला नजर टाकली: तिथे काहीच उरलेले नाही, वाळू दूरवर पसरली आहे. त्यामुळे वाक्य तेच राहून त्याचा अर्थ उलटा होतो. बलाढ्यांनी खचून जावे हे आता खरेच आहे, पण राजाच्या पराक्रमामुळे नव्हे. आपलेही असेच होणार आहे म्हणून. हा उलटा अर्थ कवी सांगत नाही, तो वाचकाच्या मनात तयार होतो. म्हणूनच प्रत्येक पिढीतला वाचक तिथे आपल्या काळातला राजा पाहतो. १८१८च्या वाचकाच्या डोळ्यांपुढे सेंट हेलेनावर बंदिवासात असलेला नेपोलियन असणार. आपल्या डोळ्यांपुढे कोण येतो ते ज्याचे त्याने ठरवावे.

फुले न पाहिलेल्यांसाठी फुलांची कविता

वैश्विक आशयाविषयी एक रास्त शंका नेहमी घेतली जाते. इंग्रजी कविता साऱ्या जगाची, असे ठरवले कोणी? साम्राज्याच्या शाळांनी ती जगाच्या गळी उतरवली म्हणून ती जगाची झाली का? ही शंका झटकून टाकण्यासारखी नाही. जमैका किंकेड या लेखिकेच्या ‘लूसी’ या १९९०च्या कादंबरीत वेस्ट इंडिजमधल्या बेटावरून अमेरिकेत आलेली एक तरुणी आहे. डॅफोडिल फुलांवरची कविता तिला लहानपणी शाळेत सर्वांसमोर म्हणून दाखवावी लागली होती. ते फूल मात्र तिने मोठेपणी प्रथमच पाहिले, आणि पाहिल्यावर तिला आनंद झाला नाही, संताप आला. आपल्याकडेही कित्येक पिढ्यांनी विल्यम वर्डस्वर्थची ही कविता फूल न बघताच घोकली.

त्या संतापाचा मान राखूनच कवितेकडे परत जायला हवे. १५ एप्रिल १८०२ रोजी वर्डस्वर्थ आणि त्याची बहीण डॉरथी अल्सवॉटर तलावाच्या काठाने चालत होते. सोसाट्याचा वारा होता. काठाकाठाने फुललेल्या डॅफोडिलचा लांबच लांब पट्टा त्यांना दिसला. डॉरथीने तो त्या वेळच्या रोजनिशीत बारकाईने टिपून ठेवला. वर्डस्वर्थने कविता लिहिली ती दोन वर्षांनी, १८०४ मध्ये. ती छापली गेली १८०७ मध्ये, आणि १८१५ मध्ये त्याने तिच्यात एक कडवे वाढवले. कवितेत तो एकटा आहे. सोबत चालणारी बहीण तिथे नाही. शेवटच्या कडव्यातल्या अंतर्दृष्टीविषयीच्या दोन ओळी त्याची पत्नी मेरी हिने सुचवलेल्या. त्याच कवितेतल्या सर्वांत चांगल्या ओळी, असे वर्डस्वर्थ स्वतः म्हणत असे.

हा सगळा इतिहास एकाच गोष्टीकडे बोट दाखवतो. कवितेचे वजन फुलांवर नाही, शेवटच्या कडव्यावर आहे. तिथे कवी घरात कोचावर पडला आहे, मन रिकामे किंवा खिन्न आहे, आणि अचानक ती फुले आतल्या डोळ्यांना दिसतात. बघताना त्याला कळले नव्हते की आपल्याला काय मिळाले. ते कळायला मध्ये काळ जावा लागला, आणि एकांत लागला. म्हणून कवितेतून बहीण वगळली गेली. सुखाचा क्षण अनुभवताना त्याची किंमत कळत नाही, ती आठवणीत कळते, हा या कवितेचा आशय. तो पटायला डॅफोडिल पाहिलेले असावे लागत नाही. ज्याने गाव सोडल्यावर गावचा पाऊस आठवला आहे, त्याला तो आधीच ठाऊक आहे. शाळेने चूक केली ती फूल पाठ करून घेण्याची. शेवटच्या कडव्याविषयी मुलांना विचारले असते, तर त्या बेटावरच्या मुलीजवळही तिचे स्वतःचे उत्तर असते.

कवितेने दाबून धरलेले

काही कवितांमध्ये आशय सांगितलेल्यापेक्षा न सांगितलेल्यात जास्त असतो. बेन जॉन्सन हा शेक्सपिअरचा समकालीन नाटककार, फटकळ, तापट, द्वंद्वयुद्धात माणूस मारल्याबद्दल तुरुंगात जाऊन आलेला. १६०३च्या प्लेगमध्ये त्याचा थोरला मुलगा गेला. बापाचेच नाव त्याला दिलेले होते आणि वय होते सात वर्षांचे. जॉन्सन तेव्हा लंडनमध्ये नव्हता. मुलावर त्याने फक्त बारा ओळींची कविता लिहिली, ती १६१६ साली त्याच्या संग्रहात छापली गेली.

या कवितेत रडारड नाही. बाप हिशेब मांडतो. मूल हे देवाने सात वर्षांसाठी दिलेले कर्ज होते, मुदत भरली, फेडले. जगाच्या आणि देहाच्या त्रासातून इतक्या लवकर सुटलेल्याचा खरे तर हेवा वाटायला हवा, असेही तो स्वतःला समजावतो. धर्माने आणि शहाणपणाने जे जे सांगितले आहे ते सगळे तो म्हणून पाहतो. पण मध्येच एक तडा जातो: आपल्यातले बापपण गळून पडेल तर बरे, असे तो बोलून जातो. आपली सर्वांत चांगली कविता म्हणजे हा मुलगा, असेही म्हणतो. आणि शेवटी स्वतःला एक मर्यादा घालून घेतो, की पुढे कशातही इतका जीव गुंतवायचा नाही.

विषय म्हणून इथे ‘पुत्रशोक’ लिहिता येईल. आशय वेगळा आहे: सांत्वनाचे सगळे शब्द खरे असतात आणि त्यांतला एकही उपयोगी पडत नाही. हे कवी कुठे म्हणत नाही. संयमी ओळींच्या मधोमध गेलेल्या त्या तड्यातून ते कळते. ज्या घरात लहान मूल गेले आहे, तिथे येणारी माणसे काय बोलतात आणि आईबाप काय ऐकतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला चारशे वर्षांपूर्वीच्या लंडनची माहिती असण्याची गरज नाही.

घाईने काढलेला आशय फसतो

आता उलट बाजूचे एक उदाहरण. रॉबर्ट फ्रॉस्टची ‘द रोड नॉट टेकन’ ही कविता प्रेरणादायी भाषणांतून, शुभेच्छापत्रांतून, भिंतीवरच्या फलकांतून सगळीकडे भेटते. तिचा अर्थही सोबत दिलेला असतो: मळलेली वाट सोडा, स्वतःची वाट निवडा, आयुष्य बदलेल.

कविता सावकाश वाचली की हा अर्थ डळमळू लागतो. एक वाट दुसरीपेक्षा कमी मळलेली असावी असे बोलणारा आधी म्हणतो. पण पाठोपाठ कबूल करतो की दोन्ही वाटा जवळजवळ सारख्याच मळल्या होत्या. त्या सकाळी दोन्हींवर पडलेल्या पानांवर अजून कोणाचा पाय पडला नव्हता. वेगळी वाट घेतल्याने सारा फरक पडला, हे वाक्य तो आज बोलत नाही. पुढे कधीतरी, वर्षानुवर्षांनंतर, एक उसासा टाकून आपण असे सांगू, असे तो म्हणतो. म्हणजे फरक वाटेत नव्हता. तो नंतर सांगायच्या गोष्टीत येणार आहे.

यामागचा प्रसंगही ठाऊक आहे. १९१२ ते १९१५ या काळात फ्रॉस्ट इंग्लंडमध्ये होता. ग्लॉस्टरशायरमधल्या डिमॉकच्या परिसरात एडवर्ड टॉमस या मित्राबरोबर तो रानवाटांनी भटकत असे. कोणतीही वाट घेतली तरी दुसरी घेतली असती तर अमुक झाडझुडूप दाखवता आले असते, अशी चुटपुट टॉमसला लागे. फ्रॉस्टने त्या स्वभावावर प्रेमाने ही कविता लिहिली. ती ऑगस्ट १९१५ मध्ये ‘अटलांटिक मंथली’त छापून आली. त्याआधीच टॉमसने ती वाचली होती, आणि त्यालाही तिच्यातली थट्टा प्रथम कळली नाही. जुलै १९१५ मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि ९ एप्रिल १९१७ रोजी फ्रान्समध्ये आरासच्या लढाईत मारला गेला. ही कविता फसवी आहे, जपून वाचा, असे फ्रॉस्ट पुढे श्रोत्यांना बजावत असे.

आपण जगताना जे निवडतो ते बहुतेक वेळा अंदाजाने निवडतो, आणि नंतर त्याला हेतूची गोष्ट जोडतो, हा या कवितेचा आशय. तो फलकावर लिहायला सोयीचा नाही. पण नोकरी, लग्न, गाव, शहर यांविषयी म्हातारपणी आपण मुलानातवंडांना जे सांगतो, ते आठवून पाहिले की तो किती खरा आहे हे पटते. लोकप्रिय अर्थ आपल्याला धीर देतो. खरा अर्थ आपल्याला ओळखतो. वैश्विक आशय शोधताना हा फरक विसरून चालत नाही. जो अर्थ कवितेतल्या अर्ध्या ओळी गाळल्याशिवाय उभा राहत नाही, तो त्या कवितेचा नव्हे.

देवघेव दोन्ही बाजूंनी

इंग्रजी कवितेतला आशय आपल्याकडे पोहोचला तो नुसता वाचण्यापुरता राहिला नाही. १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. १८६१ साली फ्रान्सिस पालग्रेव्ह याने ‘गोल्डन ट्रेझरी’ हा इंग्रजी भावकवितांचा संग्रह काढला. तो भारतभरच्या कॉलेजांत वर्षानुवर्षे लावला गेला आणि मराठीत आधुनिक कविता लिहिणाऱ्या पहिल्या पिढ्यांच्या हाती पडला. केशवसुतांनी १८९२ मध्ये ‘मयूरासन आणि ताजमहाल’ लिहिले, तेव्हा चौदा ओळींचा साचा पाश्चात्त्य होता आणि समोरासमोर ठेवलेली दोन्ही वैभवे इथल्या मातीतली होती. साचा घेतला, तपशील आपला घातला, म्हणून ती कविता मराठीत रुजली. ग्रेने रोमन नावे खोडून जे साधले, त्याच जातीचे हे काम आहे.

वाहतूक उलट दिशेनेही झाली आहे. विल्फ्रेड ओएन हा पहिल्या महायुद्धातला इंग्रज कवी. देशासाठी मरणे गोड असते या जुन्या लॅटिन वचनाला त्याने विषारी वायूने गुदमरणाऱ्या एका सैनिकाच्या तपशिलाने उत्तर दिले. युद्धबंदीला एक आठवडा उरला असताना, ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, वयाच्या पंचविसाव्या वर्षी तो फ्रान्समध्ये मारला गेला. त्याच्या मृत्यूची तार घरी आली ती युद्धबंदीच्या दिवशी, ११ नोव्हेंबरला. १९२० साली त्याच्या आईने रवींद्रनाथ टागोरांना पत्र लिहिले. आघाडीवर शेवटचे निघताना मुलाने ‘गीतांजली’तल्या ओळी म्हणून निरोप घेतला होता, आणि घरी परत आलेल्या त्याच्या खिशातल्या वहीत त्याच ओळी टागोरांच्या नावासह त्याच्या अक्षरात होत्या. बंगालीतून इंग्रजीत आलेली कविता एका इंग्रज सैनिकाने मरणाच्या वाटेवर सोबत नेली. वैश्विकता ही इंग्रजीची मक्तेदारी नाही, हे इंग्रजीतल्याच एका मोठ्या कवीने असे दाखवून दिले. इंग्रजीतून आपल्याकडे येणारी वाटही चालूच राहिली. पुढे जवाहरलाल नेहरूंच्या टेबलावर फ्रॉस्टच्या दुसऱ्या एका कवितेच्या अखेरच्या ओळी लिहून ठेवलेल्या असत. बर्फ पडत असलेल्या रानापाशी क्षणभर थांबलेल्या आणि दिलेले शब्द आठवून पुढे निघालेल्या अमेरिकन घोडागाडीवाल्याशी दिल्लीतल्या पंतप्रधानाचे नाते जुळावे, यात आश्चर्य वाटायचे कारण नाही. कर्तव्य बाकी असताना आलेला थकवा दोघांनाही ठाऊक होता.

कविता हाती घेतल्यावर

मग इंग्रजी कवितेतला वैश्विक आशय शोधायचा कसा? वरच्या कवितांनी दिलेले धडे थोडक्यात मांडता येतात.

आधी बोलणारा कोण, कुठे आहे, केव्हा बोलतो आहे, हे ठरवावे. कवी आणि कवितेतला ‘मी’ एकच असतात असे नाही. फ्रॉस्टच्या वाटसरूने हे शिकवले. मग कवितेतले वळण शोधावे. जिथे ‘पण’, ‘तरी’, ‘आता’ येते, काळ बदलतो किंवा नजर एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर जाते, तिथे आशय दडलेला असतो. शेलीचे वळण शिलालेखानंतर आहे, वर्डस्वर्थचे शेवटच्या कडव्यात, बेन जॉन्सनचे हिशेबाच्या मधोमध. त्यानंतर एखादा तपशील निवडून स्वतःला विचारावे की हा इथे नसता तर काय बिघडले असते. क्रॉमवेलऐवजी सीझर असता तर काय गेले असते, हा तसाच प्रश्न होता. आणि शेवटी आशय एका पूर्ण वाक्यात स्वतःच्या शब्दांत लिहावा, तो मराठीत लिहिला तर अधिकच चांगले. ते वाक्य घेऊन पुन्हा कवितेपाशी जावे आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ताडून पाहावे. एखादी ओळ त्या वाक्यात बसत नसेल तर वाक्य बदलावे, ओळ सोडून देऊ नये.

शिक्षकांना एक कळकळीची विनंती. वर्गात ‘या कवितेची थीम काय’ असे विचारून एका शब्दाचे उत्तर स्वीकारू नका. मुलांना वाक्य लिहायला लावा आणि ते वाक्य कोणत्या ओळीवर उभे आहे ते दाखवायला सांगा. पहिल्या वेळी उत्तरे अडखळत येतील, दोन मुलांची वाक्ये एकमेकांशी भांडतील. भांडू द्यावीत. कविता कोणाची, या प्रश्नाचा निकाल तिथेच लागतो. ज्या मुलीने ओळ दाखवून स्वतःचे वाक्य वर्गासमोर राखले, तिच्यासाठी ती कविता परीक्षेपुरती उसनी आणलेली राहत नाही. ग्रे, शेली आणि जॉन्सन यांच्यावर तिचाही तेवढाच हक्क तयार होतो, जेवढा लंडनच्या शाळेतल्या कोणत्याही मुलीचा.